दाजींसाठी गाडी पाहिली, त्याची हकीकत

कुंभवली, बोईसर
२१ मार्च १९९४

तीर्थस्वरूप दाजी,

दंडवत. (वाकून घातला आहे असं समजावं. प्रत्यक्षात कंबर धरल्यामुळे भिंतीला टेकून लिहितो आहे. का धरली ते पुढे येईल.) इकडे मी, राहीबाई आणि भाड्याचं घर तिघेही उभे आहोत. अक्काचे गुडघे कसे आहेत? तुमचा रक्तदाब कसा आहे? हा दुसरा प्रश्न रीत म्हणून नाही, मनापासून विचारतो. चढलेला असेल तर हे पत्र अक्काकडून रोज थोडं थोडं वाचून घ्यावं. नसेल तर एका बैठकीत वाचायला हरकत नाही, फक्त बैठक भक्कम असावी.

तुमचं मागचं पत्र मिळालं. बाजार समितीच्या निवडणुकीआधी परभणीत कोणाच्याही दारात नाही अशी गाडी तुम्हाला हवी आहे, कारण ‘मारुतराव, तुम्ही मारुतीतनं का फिरत नाही?’ हा एकच विनोद लोक तुम्हाला गेली कित्येक वर्षं ऐकवत आहेत, हे वाचून वाईट वाटलं. बोईसरला कोणी कारखानदार आपली मोठी परदेशी गाडी विकतो आहे हे तुम्हाला परभणीत बसून कळलं आणि मला इथे राहून कळलं नाही, याचंही आश्चर्य वाटलं. ‘जगाला भाषणं देतोस, घरच्यांसाठी एक गाडी बघून ये’ हे तुमचं वाक्य मात्र जिव्हारी लागलं. मोटारगाडीबद्दलची माझी मतं तुम्हाला ठाऊक आहेत. तुमच्या पुतणीच्या लग्नात वरातीपुढे मी ती मांडली होती आणि नवरदेव गाडीतून उतरून मांडवापर्यंत चालत आला होता. (त्याच्या बुटांबद्दल मी नंतर माफी मागितली आहे.) पण मतं वेगळी आणि बहिणीचा नवरा वेगळा. म्हणून पालघरच्या वाचनालयातून मोटारविषयक एक जाडजूड ग्रंथ आणून दोन रात्री वाचला. ग्रंथकार चाकाच्या शोधापासून सुरुवात करतो आणि इंजिनापर्यंत छान येतो. ब्रेकचं प्रकरण मात्र कोणीतरी फाडून नेलं आहे.

आता अडचण ऐका. गाडीचा मालक निघाला दिनानाथशेठ. इथल्या वसाहतीत त्याचा कापडाच्या रंगांचा कारखाना आहे, आणि त्याच कारखान्याच्या गेटवर मी गेले कित्येक दिवस रोज पाळी सुटताना उभा राहून बोलतो आहे. मागणी साधी आहे. कामगार भाजला, त्याला वायू लागला, तर त्याला टेम्पोत रंगाच्या पिंपांमध्ये आडवा करून पालघरला न्यावं लागतं. मागच्या खेपेला आमचा जिवल्या दवाखान्यात पोचला तेव्हा डावीकडून निळा आणि उजवीकडून पिवळा झाला होता. डॉक्टरांनी आधी त्याला धुतला, मग तपासला. म्हणून आम्ही म्हणतो, रुग्णवाहिका द्या. शेठ म्हणतो, पैसा नाही. मी म्हणालो, पैसा नाही तर ही हत्तीएवढी गाडी कशाला? त्यावर शेठने, आपल्याकडे खरोखरच पैसा नाही हे दाखवायला, गाडी विकायला काढली. म्हणजे पाहा, माझ्याच भाषणाने गाडी विक्रीला निघाली, आणि तिचं पहिलं गिऱ्हाईक माझेच दाजी. त्या गाडीत बसलेला मी एका जरी कामगाराला दिसलो असतो, तरी ‘नागोराव शेठला मिळाला’ एवढ्या तीन शब्दांत माझी वीस वर्षांची चळवळ आटोपली असती. मी वाक्यांचा माणूस आहे, दाजी. तीन शब्दांची ताकद मला कळते.

तरी गेलो. दुपारची वेळ निवडली, पहिली पाळी सुटायच्या आधीची. गाडी कारखान्याच्या मागच्या आवारात उभी होती. पांढरीशुभ्र, लांबीला आमच्या दोन खोल्या, चाकं माझ्या कमरेएवढी. आत चढायला पायरी, आत शिरलं की दिवाणखाना. बैठक कातड्याची, वरचं प्लास्टिक अजून तसंच. काचा बटणाने खालीवर होतात. थंड हवेचं यंत्र असं की मार्च महिन्यात मला अक्काने विणलेल्या मफलरची आठवण झाली. ग्रंथात सांगितल्याप्रमाणे मी पुढचं झाकण उघडायला लावून गंभीर चेहऱ्याने आत पाहिलं. आत पुष्कळ काही होतं, त्यामुळे समाधान झालं. लिटरमागे किती चालते असं ड्रायव्हरला विचारलं. हा देवू, इथल्याच समुद्रकाठच्या नवापूरचा कोळी, बुटका, हसतमुख. म्हणाला, “ते नका इचारू साहेब. पंप दिसला का ही आपसूक वळते.”

इथे माझ्या हातून एक चूक झाली, पण ती तत्त्वाची चूक आहे. देवूने मागचं दार उघडलं. मागच्या काचा काळ्या होत्या, तिथे बसलो असतो तर ब्रह्मदेवालाही दिसलो नसतो. परंतु एका माणसाला पुढे राबायला लावून दुसऱ्याने मागे पसरावं हे मला मान्य नाही, आणि याविषयी मी तालुक्यातल्या बहुतेक चौकांत बोललो आहे. मी पुढे बसलो. चेहरा झाकायला वर्तमानपत्र बरोबर नेलं होतंच, ते दोन्ही हातांनी उघडून धरलं. ही गाडी शेठने कुठल्याशा परदेशी वकिलातीच्या लिलावात घेतलेली. तिचं सुकाणू डाव्या बाजूला आहे, त्यामुळे देवू डावीकडे बसला आणि मी उजवीकडे. त्या वेळी मला यात काही विशेष वाटलं नाही.

कुंभवली नाक्यावर नेमकी पाळी सुटली. (शेठ त्या दिवशी लवकर सोडणार आहे हे मला कोण सांगणार?) दाजी, तुम्हीच रस्त्याच्या कडेला उभे आहात असं समजा. समोरून राक्षसासारखी पांढरी गाडी येते आहे. आपल्याकडे ड्रायव्हर जिथे बसतो तिथे एक धोतरवाला मनुष्य दोन्ही हातांनी वर्तमानपत्र पसरून अग्रलेख वाचतो आहे. पलीकडचा बुटका देवू कोणाला दिसत नाही. लोक सायकली टाकून गटारात उतरले. एक म्हातारी मला हात जोडून उभी राहिली. कोणीतरी म्हणालं, “अरे, बिना हाथ के चला रहा है,” आणि मग जे न दिसावं म्हणून वर्तमानपत्र धरलं होतं ते पाहायला अख्खी पाळी सायकलींवरून मागे लागली. सगळ्यात पुढे आमच्या युनियनचा उपाध्यक्ष भिका. मी देवूला म्हणालो, बाबा रे, जिथे कामगार नसेल तिथे ने. त्याने गाडी नवापूरला नेली. तिथे कामगार नव्हते हे खरं. तिथे त्याचे सगळे नातेवाईक होते.

शेठने देवूला सांगून ठेवलं होतं की गिऱ्हाईक भेटलं की गाडी रेतीवर चालवून दाखव, मोठं गिऱ्हाईक रेतीवरच पटतं. त्याने सुरूच्या झाडांतून गाडी थेट पुळणीवर घातली. वाळत घातलेल्या बोंबलांच्या काठ्या एका बाजूला, समुद्र दुसऱ्या बाजूला, आणि मधल्या ओल्या रेतीत आपली गाडी हळूच बसली. म्हैस बसते तशी, कोणाला न विचारता. चारही चाकांना जोर देणारा एक वेगळा दांडा अशा गाड्यांना असतो, हे ग्रंथात होतं. मी देवूला तो ओढायला सांगितला. तो म्हणाला, “त्या दांड्याला शेट हात नाय लावू देत. खराब होल बोलतो.” त्यावरही प्लास्टिक होतं. ते काढेपर्यंत चाकं अर्धी आत गेली. आणि मग देवू शांतपणे म्हणाला, “साहेब, भरती लागली.” आपण गोदावरीकाठची माणसं. नदीला पूर येतो आणि जातो, त्याची आधी बातमी असते. समुद्र रोज येतो, आणि त्या दिवशी तो शेठच्या गाडीसाठी येत होता. गाडी बुडाली असती तर ती माझ्या मानगुटीवर, आणि पुढचे सात जन्म शेठ गेटवर उभा राहून माझ्यावर बोलला असता.

तोवर अर्धं गाव जमलं, आणि मागून सायकलीही पोचल्या. कोळी लोक होडी ओढून वर काढतात तो दोर कोणीतरी आणला. पण दोर बांधणार एवढ्यात रत्नाबाई नावाची एक बाई पुढे आली. मासळीच्या लिलावात जिच्यापुढे व्यापारी कमी बोलतात अशी ही बाई. तिथली रीत अशी की दोराला हात लागण्याआधी होडीच्या धन्याचं नाव घेऊन दर्याला नारळ द्यायचा. धनी कोण ते दर्याला कळलं पाहिजे. रत्नाबाईने नारळ माझ्या हातात दिला आणि विचारलं, “गाडी कोनाची हाय ते बोला आदी. शेटची असंल तर आमी दोराला हात नाय लावनार. त्याचं लाल पानी रोज आमच्या खाडीत येतं, आमी बोलतो काय? आज त्याची गाडी आमच्या दर्यात आली. फिट्टंफाट.” तिकडून भिकाही गर्दी सारत पुढे आला. त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, “साहेब, गाडी कुणाची ते आम्हालाबी ऐकायचंय.”

दाजी, आता तुम्हीच सांगा. शेठची म्हणावं तर समुद्र नेणार. माझी म्हणावं तर भिका नेणार. पाणी मागच्या चाकाला लागलं होतं. मी पायरीवरून पुढच्या झाकणावर चढलो. (सवयीने चढलो. उंच जागा आणि जमलेली माणसं एकत्र दिसली की माझे पाय आपोआप वर जातात.) तोंड उघडलं तेव्हा काय बोलायचं हे मला ठाऊक नव्हतं. पण मी बोलायला लागल्यावर विचार करतो, हे तुम्हीच एकदा माझ्याबद्दल म्हणाला होतात. मी म्हणालो, “ही गाडी शेठची नाही, माझी नाही. ही तुमची आहे. पिंपांमध्ये झोपून दवाखान्यात जायचे दिवस संपले. कारखान्यातला भाजलेला आणि नवापूरची अडलेली बाई, दोघांनाही पालघरला नेणारी ही रुग्णवाहिका आहे. एका थोर मनाच्या माणसाने ती शेठकडून रोख विकत घेऊन आपल्याला दिली आहे, आणि आज मी तिची परीक्षा घेतो आहे.” आणि त्या थोर माणसाचं नाव घेऊन नारळ फोडला. भिकाने खालून हळूच विचारलं, “हे कमिटीत कधी ठरलं?” मी म्हणालो, आत्ता. मग मीही उतरून दोराला लागलो (कंबर तेव्हाच गेली), आणि कामगार अन् कोळी मिळून गाडी होडीसारखी वर आली.

तर एकंदर निष्कर्ष असा. गाडी उत्तम आहे. समुद्रात बसली तरी आत पाणी आलं नाही. बोंबलाचा थोडा वास आहे, तो बहुधा कायम राहील. गाडी तुम्ही अवश्य घ्यावी असं माझं स्पष्ट आणि निःस्वार्थी मत आहे. अक्काला नमस्कार, मुलांना आशीर्वाद. राहीबाई तुम्हा दोघांना नमस्कार सांगते आणि हे पत्र पाठवू नका असंही सांगते.

आपला,
नागोराव

ता. क. थोर माणसाचं नाव सांगायचं राहिलं. तुम्ही ओळखलं असेलच. त्या घाईत मला एकच श्रीमंत मनुष्य आठवला, आणि तो नात्यातला निघाला हा माझा दोष नाही. दोर ओढताना सगळी पुळण ‘मारुतराव, हैया’ म्हणत होती. इतकी माणसं एका दमात तुमचं नाव घेताना बाजार समितीच्या कुठल्याही निवडणुकीत मी ऐकलेली नाहीत. कुंभवलीच्या पेंटरने दोन्ही दारांवर ‘श्री. मारुतराव, परभणी यांजकडून’ असं ठसठशीत लिहिलं आहे. तेव्हा शेठच्या नावाने ड्राफ्ट पाठवावा. पैसे येईपर्यंत त्याने गाडी विश्वासाने आमच्याकडे ठेवली आहे. विश्वास तुमच्यावर आहे, माझ्यावर नाही.

ता. क. २. माघार घ्यायचा विचार असेल तर तुम्ही स्वतः इथे येऊन बायडीला सांगावं. पलीकडच्या पाड्यावरची ही बाई. परवा कळा सुरू झाल्या म्हणून तिला तुमच्या गाडीतून पालघरला नेत होतो. रेल्वेचं फाटक बंद होतं, मुलगी जन्मायची थांबली नाही. दोघी सुखरूप आहेत. बैठकीवरचं प्लास्टिक काढलं नव्हतं ते एका अर्थी बरंच झालं. बायडी विचारते, ‘गाडीवाला बाबा बारशाला येल का?’ मी येईल म्हणून सांगितलं आहे.

ता. क. ३. पाकीट चिकटवणार एवढ्यात दिनानाथशेठ घरी येऊन गेला. पालघरच्या साप्ताहिकात तुमच्या औदार्याची बातमी वाचल्यापासून त्याला अन्न गोड लागत नाही. म्हणतो, पैसे नकोत, गाडी माझ्याकडून भेट समजा, फक्त दारावर माझं नाव लिहा. राहीबाई म्हणाली, “फुकट मिळतेय तर घ्या की, कशाला त्या दाजींना बुडवता?” व्यवहार म्हणून तिचं अगदी बरोबर आहे. पण दाजी, शेठची गाडी फुकट घेतली तर उद्या खाडीतल्या लाल पाण्याबद्दल त्याच्या गेटवर उभं राहून मी कुठल्या तोंडाने बोलू? मी त्याला सांगितलं, परभणीहून ड्राफ्ट निघाला आहे. तेव्हा तो निघावा. मेहुण्याचं तोंड बंद व्हावं म्हणून खर्च करणारे दाजी मी पुष्कळ पाहिले. ते उघडं राहावं म्हणून करणारे तुम्ही पहिलेच.