दोन बोटी शेजारी शेजारी

४ मार्च

नोकरी लागली! सरकारी – पण कंत्राटी. ताईच्या ओळखीने लागली, त्यामुळे हे आता जन्मभर ऐकावं लागणार. "कॉलेजात दिवे लावलेस, आता हे तरी धड कर." आई नुसता इस्त्री केलेला शर्ट खुर्चीवर ठेवून गेली. ते जास्त लागतं.

दिवे कसले लावले? प्रॅक्टिकलला माझं रीडिंग वेगळं आलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. सर म्हणाले, "पुस्तकातलं लिही आणि मोकळा हो." मी जर्नल टराटरा फाडून त्यांच्या टेबलावर ठेवलं. माफी माग म्हणाले. कशाची? बस्स, संपलं कॉलेज.

ऑफिसचं काम – समुद्रात मासे किती आहेत ते शोधणे. आणि गंमत म्हणजे या कामाला ऑफिसची स्वतःची बोटच नाही! मच्छीमारांची भाड्याने घेतात. सामान हलवायला टेम्पो ठरवावा तशी!

७ मार्च

बोटी ठरवतात ते साहेब चष्मा कपाळावर ठेवतात आणि खिशात शोधतात. आज विचारलं, "जो सगळ्यात कमी भाडं सांगेल त्याचीच बोट ना?"

"मग बोट कशाला, ओंडका घेऊ. तो फुकट तरंगतो."

पद्धत अशी: आधी जाहिरात. मग अर्ज. मग बोटीवर चढून तपासणी – इंजिन, जाळं वर ओढायचा विंच, त्याची ताकद, मासे निवडायला जागा, शास्त्रज्ञांना झोपायला बर्थ, संडासाच्या दाराला कडी. (कडीवर साहेबांचा विशेष भर. काहीतरी घडलेलं असणार.) या सगळ्यात पास झाली तरच भाड्याचं बोलणं.

इतकी वर्षं एकच बोट घेत होते. तिचा मालक आता धंद्यातून बाहेर पडतोय, म्हणून नवी शोधायची. तीन अर्ज आलेत. पहिलीचं इंजिन असं बोंबलतं की साहेब म्हणाले, "ही आली की मासे गाव सोडून जातील." दुसरीवर मासे निवडायला टेबल मावत नाही. उद्या-परवा तिसरी.

९ मार्च

तिसरी बोट. कप्तान गोल, ठेंगणे, बोलायला फटकळ. विंचवर त्यांची मुलगी.

मला साहेबांनी खाली बर्थवर झोपवलं – लांबी बघायला! पाय बाहेर. पार पोटऱ्यांपर्यंत बाहेर. वरून तिने डोकावून पाहिलं.

"साहेब, मोजायला पट्टी नाही मिळाली म्हणून बांबू आणलात?"

कान तापले. असं काही सुनावणार होतो की बस! मान वर केली. तिच्या हाताला कोपरापर्यंत ग्रीस, गालावर एक काळा फराटा. सुनावायचं होतं ते कुठे गेलं कोण जाणे.

साहेब म्हणाले, "बर्थ नियमात बसतो. हा मुलगा नियमात बसत नाही." पास.

मग साहेबांनी नकाशा उघडला. जाळं कुठे टाकायचं ते ऑफिस ठरवणार – चिठ्ठ्या टाकल्यासारखं, कुठलाही ठिपका. कप्तान एका ठिपक्यावर बोट आपटून म्हणाले, "इथे मासा नाही हो! माझ्या आजोबांनाही नाही मिळाला."

"नाही तर नाही, तेच आम्हाला मोजायचंय."

कप्तानांनी साहेबांकडे असं पाहिलं, जसं ताई माझ्याकडे पाहते.

१५ मार्च

रोज काहीतरी कागद घेऊन बोटीवर जातो. आज कागदही विसरलो, तसाच गेलो.

तिला सांगितलं – माशाच्या कानात खड्यासारखं हाड असतं, त्याच्यावर वर्षागणिक कडी चढते, झाडाच्या खोडासारखी. त्यावरून वय कळतं! (मला स्वतःला कालच कळलं. झोप उडाली होती.)

"माझं वय कशावरून काढशील?"

"जिभेवरून. चांगली शंभर वर्षं धार लावलेली आहे."

हसली! मोठ्याने. कप्तान इंजिनाजवळून ओरडले, "कामाला लागा!"

मग हात पुसत म्हणाली, हे काम मिळालं नाही तर बोट विकायची. बाबा दुसऱ्याच्या बोटीवर जातील, ती आत्याकडे. आत्या कुठे राहते? आगगाडीने रात्रभर.

जेवण गेलं नाही. आई म्हणाली, "नोकरीत भांडलास का?"

२० मार्च

साहेब म्हणाले, अजून एक परीक्षा. जुनी बोट आणि नवी बोट शेजारी शेजारी चालवायच्या. एकच वेग, एकसारखी जाळी, दर खेपेला बरोबर अर्धा तास. मग कोणाला किती मासे मिळाले ते बघायचं. नव्या बोटीवर घड्याळ धरणार कोण? मी!

धावत जाऊन तिला सांगितलं. "जुनीपेक्षा जास्त मासे आले पाहिजेत. मग कोणाची टाप आहे नाही म्हणायची!"

तिने नुसती मान हलवली. रात्री बाबांना सांगणार म्हणाली.

२४ मार्च

परीक्षा झाली. पहिल्या खेपेचा अर्धा तास भरला. मी म्हणालो, "काका, वेळ झाली."

"ऐकलं, ऐकलं." आणि समुद्राकडे बघत उभे. तिचा हात विंचच्या दांड्यावर. दांडा ओढेना. माझ्याकडे बघत होती.

मी घड्याळाकडे पाहिलं. मग ढगांकडे. जाळं वर आलं तेव्हा पाऊण तास झाला होता. मी लिहिलं – अर्धा तास.

पण मासे! टेबलावर मावेनात. प्रत्येक खेपेला तसंच. पलीकडे जुनी बोट बिचारी मुकाट चालली होती. संध्याकाळी तिने ओला हातमोजा माझ्या तोंडावर फेकला. "बांबू, आमचा आहेस तू!"

आमचा! आमचा!! (या नादात जाकीट बोटीवरच राहिलं.)

२७ मार्च

साहेब खूश. "हिशेब सोपा झाला. जुनीला दोन टोपल्या तिथे नवीला तीन. आता दर वर्षी भागायचं."

"भागायचं? कशाला?"

"अरे, नाहीतर नव्या बोटीने तीन आणल्या की वाटेल समुद्रात मासे वाढले. मासे तेवढेच, बोट वेगळी. म्हणून तिच्या तीन टोपल्या, त्या जुनीच्या दोन समजायच्या. शर्यत नव्हती ती. वजनकाटा बदलताना दोन्ही काट्यांवर एकच पोतं ठेवून बघतो ना, तसं."

शर्यत नव्हती. जास्त आले, कमी आले – कशानेही चाललं असतं!

मग डबा उघडला आणि घास हातातच राहिला. पुढल्या वेळी घड्याळ दुसऱ्याच्या हातात असेल. जाळं खराखुरा अर्धा तास राहील. टोपल्या येतील दोनच. आणि ऑफिस त्यांनाही भागणार! कागदावर समुद्राचा तिसरा हिस्सा गायब. मग हुकूम निघणार – मासे घटले, सगळ्यांनी कमी धरा. सगळ्या बोटींनी. तिच्याही.

आणि लिहिलं कोणी? मी. सर म्हणाले होते, पुस्तकातलं लिही. तेव्हा जर्नल फाडलं. इथे तर कोणी म्हणालंही नव्हतं.

२८ मार्च

आधी तिला सांगितलं. ऐकून घेतलं तिने. मग म्हणाली, "सोपं आहे. दर वर्षी पाव तास जास्त ओढू. हिशेब जुळला ना?"

डोकं काय चालतं हिचं! खरंच जुळला असता.

"दर वर्षी घड्याळ माझ्या हातात नसेल."

"म्हणजे खरं बोलून तू मोठा होणार. आणि आत्याकडे मी जाणार."

रागाने पिंपाला लाथ मारली. पिंप भरलेलं होतं. अंगठा सुजलाय. ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

२९ मार्च

सांगितलं.

साहेबांचा चष्मा पहिल्यांदाच आपणहून नाकावर आला. "वेळ लिहिलीस किती?" अर्धा. "होती किती?" पाऊण. "प्रत्येक खेपेला?" हो. आणि जास्त धरा हे मीच तिच्या कानात भरवलं, हेही सांगितलं.

कप्तानांना बोलावलं. ते आले तेच तडकून. "मासे धरायला लावलेत, धरले! जास्त धरले म्हणून शिव्या खाणारा जगात मी पहिलाच!" साहेबांनी टेबलावर चहाचे कप मांडून दाखवलं – तीनातला एक उचलून बाजूला ठेवला, पुढच्या वेळचे दोन मांडले, त्यांतलाही काढायला हात घातला. कप्तानांनी हातच धरला. "थांबा. म्हणजे आम्ही आमच्याच पोटावर पाय दिला?"

ती दारात उभी होती. माझ्याकडे पाहिलं नाही.

परीक्षा पुन्हा घेणार. जुनी बोट अजून आहे, नशीब. मला मात्र उद्यापासून सुट्टी. "राग नाही रे," साहेब म्हणाले. "पण घड्याळ नाही देता येणार आता."

आयुष्यात पहिल्यांदा भांडलो नाही.

ताई: "पुन्हा?" मी: "पुन्हा." आईने शर्टाची घडी करून कपाटात ठेवली.

२ एप्रिल

धक्क्यावरून पाहिलं. दोन्ही बोटी शेजारी शेजारी, एका चालीत. इतक्या लांबून कुठली तिची तेही कळेना.

५ एप्रिल

रस्त्यात साहेबांनी हाक मारली. नवी बोट ठरली! मासे जुनीपेक्षा जरा कमीच आले. "कमी आले तरी चाललं?" "किती कमी ते कळलं ना. झालं." पहिल्या खेपेला विंच कोणी वेळेवर ओढला? मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं – "पोरीने. घड्याळवाल्याने तोंड उघडायच्या आत."

ती आत्याकडे जाणार नाही. पण समुद्रावर जाणार, आणि मी इथे. आता कुठला कागद घेऊन जाऊ?

८ एप्रिल

कप्तानांचा निरोप: तुझं जाकीट बोटीवर राहिलंय, घेऊन जा.

गेलो. ती विंचला ग्रीस लावत होती. मान वर न करता म्हणाली, "खाली आहे."

उतरलो. मला झोपवलं होतं त्या बर्थची पायाकडची फळी कापलेली. पलीकडचं कपाट फोडून त्यात नवी फळी जोडलेली, कडा घासून गुळगुळीत. बाकीचे बर्थ होते तसेच. माझं जाकीट उशीसारखं घडी करून ठेवलेलं. आडवा झालो. पाय आत. शिवाय वीतभर जागा उरली.

वरून कप्तान ओरडले, "मासे धुवायला माणूस हवाय! घड्याळाला हात लावायचा नाही!"

मग तिचा आवाज, हळू – "बांबू, पुरतोय का?"