राहिलेला काना

ता. ४ जून

ती. ताईस,
टिल्लूचा सा. न. वि. वि.

भाऊजींचा फोन आला होता. मेंदूचा झटका येऊन गेल्यापासून तू साधा पेपरही हातात घेत नाहीस, अक्षरं हलतात म्हणतेस आणि तोंड फिरवून बसतेस, असं कळलं. डॉक्टर मात्र म्हणतात, रोज थोडं वाचलंस तरच सवय परत येईल. तू फोन घेत नाहीस, म्हणून पत्र. भाऊजी वाचून दाखवतीलच.

आम्ही काही जण मिळून छोट्या वाचनालयांसाठी संगणकाचा प्रोग्रॅम लिहितो, तो फुकट असतो. कुणीही वापरावा, कुणीही दुरुस्त करावा. त्याची माहितीपुस्तिका आम्ही घाईत खरडली आणि शुद्धलेखनाची पार वाट लावली. जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासणारी बहीण घरात असताना हे बरं दिसत नाही. संगणकावरच दुरुस्त करता येतं. जमेल तेवढंच कर.

अजून तुझ्या धाकात असलेला,
टिल्लू

ता. १९ जून

चि. टिल्लूस,
अ. उ. आ.

मी सांगते आहे आणि हे लिहून घेताहेत, म्हणून अक्षर असं कोंबडीच्या पायाचं.

पुस्तिका पाहिली. लिहिणाऱ्याचा कान धरावासा वाटला, पण तो तूच निघालास. संगणकावर करणं मला झेपेना, मग ह्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून सगळं छापून आणलं. हे स्वल्पविरामासकट मोठ्याने वाचतात, मी ओळीखाली पट्टी धरून लाल पेनाने खुणा करते. वाचता वाचता ह्यांचा डोळा लागतो, तेव्हा पट्टी दुसऱ्या कामी येते. गठ्ठा पोस्टाने पाठवला आहे.

खरं सांगू, मला भीती वाटते रे. छापखान्यात एक चूक राहिली की सगळ्या प्रतींत जायची आणि मालक चारचौघांत ते पान नाचवायचे. आता तर माझाच माझ्यावर भरवसा नाही. माझं नाव कुठे घालू नकोस. एक जरी चूक राहिलेली निघाली, तर हे काम बंद, आणि पुन्हा गळ घालायची नाही.

जपून राहा. जेवत जा वेळेवर.
ताई

ता. ८ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा गठ्ठा टेबलावर पसरला, तेव्हा सगळे भोवती जमले. त्या लाल खुणा बघून एकीने विचारलं की हा विणकामाचा नमुना आहे का. मी एकेक दुरुस्ती संगणकावर चढवली. कुणी केली हे लिहावंच लागतं, म्हणून नुसतं ‘ताई’ लिहिलं. रागावू नकोस.

आता अवघड गोष्ट. तुझ्यापासून लपवणार नाही. एक चूक राहिली होती. पहिल्याच पानावर, सगळ्यात मोठ्या अक्षरांत, ‘वाचनालय’मधला काना. तो राहिलाय हे आमच्यापैकीही कुणाला दिसलं नाही. कुठल्याशा लांबच्या वाचनालयातल्या बाईंनी तो दिला. आम्ही त्यांना कधी पाहिलेलं नाही. दुरुस्तीखाली त्यांनी लिहिलं आहे की ताईंचे फार आभार, आमच्याकडची नवी मुलगी आता पुस्तिका वाचून एकटीने काम करते, एवढा एक काना राहिला होता तो देते आहे.

आमच्यात हे असंच चालतं. एकाचं राहिलेलं दुसरा बघतो. तरी तुझा शब्द मी मोडणार नाही. पुढचा भाग पाकिटात ठेवलाय, नको असेल तर ह्या पानांत भाजी निवड.

तुझा,
टिल्लू

ता. २७ जुलै

चि. टिल्लूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी लाल पेन कपाटात ठेवून दिलं. मोठ्या अक्षरांतल्याच चुका निसटतात, हे मीच नव्या लोकांना बजावायचे. आणि माझंच असं व्हावं. मग संध्याकाळी त्या बाईंचा मजकूर ह्यांच्याकडून पुन्हा वाचून घेतला, आणि मला रडूच आलं.

इतकी वर्षं मी चुका काढल्या. काढलेल्या कुणाला दिसायच्या नाहीत, राहिलेली तेवढी दिसायची. त्या बाईंनी माझी चूक दाखवली, ती आधी आभार मानून. त्यांना माझा नमस्कार कळव. सांग, ताईंना फार बरं वाटलं. आणि तूही काही कमी केलं नाहीस माझ्यासाठी, गधड्या.

पुढचा भाग तपासून पाठवते आहे. नाव राहू दे.

आज हे बाजारात गेलेत, म्हणून हे पत्र मी स्वतः लिहिलं. अक्षरं अजून हलतात, पण थांबतात. आयुष्यात पहिल्यांदाच लिहिलेलं पुन्हा न वाचता पाकीट बंद करते आहे. काही राहिलं असेल, तर तू बघ.

माया आहेच, ती अशीच असू दे.
तुझी ताई