कॅमेरा नसलेला कॉम्प्युटर

अहो,

जेवण झाकून ठेवलंय, तेवढं गरम करून घ्या. मी कालच्या कॉम्प्युटरच्या दुकानात जातेय. बदलून आणायला नाही, घाबरू नका.

काल दुकानदारानं मला विचारलं होतं, "काकू, कशाकशासाठी हवाय?" मी तोंड उघडायच्या आत तुम्हीच सांगून मोकळे झालात, की विजेचं बिल भरायचं, थोडं टायपिंग, बास. त्यानं पुढे केलेला कॅमेरावाला तुम्ही हातानंच बाजूला सारलात. म्हणे, "घरच्या साध्या कामाला कॅमेरा कशाला?" मी चारचौघांत गप्प बसले. जन्मभर तेच केलंय म्हणा.

घरचं साधं काम कोणतं, ते आता माझ्याकडून ऐका. पोरीनं स्वतःच्या मनानं लग्न केलं म्हणून तुम्ही तिचं नाव टाकलंत. मी नाही टाकलं. माझ्या बटणांच्या फोनवर नातवाचं रडणं ऐकू येतं, त्याचं तोंड काही दिसत नाही. आणि हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच तो कॅमेरावाला नको झाला.

पडद्यावर बसवायचा कॅमेरा वेगळा मिळतो. तो घेऊन येतेय.

संध्याकाळी मी तिच्याशी बोलायला बसेन, तेव्हा माझ्या खुर्चीमागून पाणी प्यायलासुद्धा जाऊ नका. चुकून दिसलात, तर बाबा बोलायला आले असं वाटून ती वेडी पुन्हा आस लावून बसेल.