खालच्या कवळीची जखम

११ डिसेंबर १९९७

खालची कवळी पुन्हा लागते आहे. डाव्या बाजूला हिरडीवर जखम — बोट लावलं की डोळ्यांत पाणी. कडा पांढरट दिसते. महिना होत आला, भरायचं नाव नाही.

रात्री कवळी काढून पाण्यात ठेवा, हिरड्यांना विसावा द्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ऐकतं कोण! बोळकं तोंड करून निजलेली मी यांना दिसायला नको.

१३ डिसेंबर

यांचे स्वतःचे दात अजून शाबूत, आणि त्याचा तोरा केवढा. सकाळ-संध्याकाळ गालात तंबाखू-सुपारीचा मावा. म्हणतात, "मंगला, तुझे दात गेले, पण जीभ जागेवर आहे." मेलं बोलणं!

१९ डिसेंबर

भांडी घासायला येणाऱ्या धुरपदाबाईनं मला गाल दाबून बसलेली पाहिलं. "मनी बहिनले बी आसंच व्हयेल व्हतं, ताई. मंग गाल कापना पडना." बहिणीचा गाल कापावा लागला, एवढं सांगून पुन्हा कढई घासायला लागली.

आमटीत दोनदा मीठ घातलं आज.

२२ डिसेंबर

यांना सगळं सांगितलं. म्हणाले, "उद्याच दाखवू." मी नको म्हटलं. कॅन्सरच निघाला तर? सुनेला, अनुजाला, सातवा महिना. तिचं बाळंतपण नीट होऊ दे, मग माझं काय व्हायचं ते होवो. एरवी यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. या खेपेला नुसती मान हलवली. हल्ली बोलणंच कमी झालंय. माझ्या काळजीनं, दुसरं काय.

२८ डिसेंबर

हे पोंक घेऊन आले. हुरडा कोवळा, मला चालेल म्हणून. सोबतच्या तिखट शेवेला मात्र हातही लावला नाही. "तुला झोंबते, मग मी एकटा कशाला खाऊ?"

ठेच्याशिवाय घास न उतरणारा माणूस! आता माझ्याबरोबर दुधात भाकरी कुस्करून खातो. बायकोसाठी कोण करतं एवढं? चुलीपुढे तोंड फिरवून डोळे पुसले.

२ जानेवारी १९९८

जखम मोठी झाली, की मीच सारखी चाचपते म्हणून तसं वाटतं?

१४ जानेवारी

उत्तरायण, इकडची पतंगांची संक्रांत. गच्च्यांवर नुसता आरडाओरडा. दर वर्षी पिपाणी फुंकून गल्ली जागी करणारे हे, यंदा ती शेजारच्या भूपेंद्रला देऊन बसले. "दम नाही राहिला," म्हणाले. मी खाली येऊन रडले. मी गेल्यावर या माणसाचं कसं होणार?

१९ जानेवारी

शेवटी यांनी ओढूनच नेलं. डॉक्टरांनी बत्ती धरून पाहिलं, बोटानं चाचपलं, आणि आपल्या गुजरातीत म्हणाले, "मासी, आ तो चोकठानो घा छे." कवळीचीच जखम! रात्रंदिवस घालून ठेवल्यामुळे. टोचणारी कड घासून दिली, मलम दिलं. आठवडाभर कवळी घालायची नाही. दोन आठवड्यांत भरली नाही तर पुन्हा दाखवायचं.

सुटले असं वाटलं. खुर्चीतून उठताना हसूच येत होतं.

तेवढ्यात डॉक्टर यांच्याकडे बघून म्हणाले, "काका, तमे पण बेसो. मोढुं खोलो." हे नको नको म्हणत होते. मीच चेष्टेनं दंडाला धरून बसवलं, म्हटलं, दाखवा तुमचे नामी दात.

दोन बोटं शिरतील एवढंही तोंड उघडेना. डॉक्टर बराच वेळ गालाच्या आत बघत राहिले. मग मला म्हणाले, घरी मुलगा आहे ना, त्याला बोलावून घ्या.

२० जानेवारी

उद्या मोठ्या दवाखान्यात यांच्या गालाचा तुकडा तपासायला काढणार. मुलानं, परागनं, सुट्टी टाकली.

विचारलं, हे कधीपासून?

"गणपतीपासून. तिखटानं आग व्हायची. म्हटलं, आधी तुझं होऊ दे."