चार माणसांच्या जबाबात दुरुस्ती

दि. १९ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. चौकशी अधिकारी साहेब,
परदेशातील बेपत्ता नागरिक शोध कक्ष,
अहिल्यानगर.

अर्जदार : सौ. बनुबाई गहिनीनाथ निमसे, रा. बोरवस्ती (सोनईलगत), ता. नेवासा.

विषय : मुलगा करण घरी नसल्याची नोंद घेऊन त्याचा शोध पुन्हा सुरू करणेबाबत.

संदर्भ : 'सदर इसम घरी राहत असल्याने प्रकरण बंद' हे आपले पत्र.

महोदय,

अर्जदार बाईंना लिहिता येत नाही, म्हणून शेजारचा निवृत्त शिक्षक हेमचंद्र हा अर्ज लिहीत आहे. भाषेने कुठे सरकारी शिस्त सोडली तर दोष माझा.

१. बाईंचा एकुलता एक मुलगा करण सुप्याच्या एमआयडीसीत गोदाम सांभाळत होता. तिथून तो एका मदत संस्थेतर्फे सुदानला गेला. तिथे यादवी पेटलेली. घरदार सोडून आलेल्यांच्या छावणीत डोकी मोजायची आणि त्या हिशोबाने ज्वारी वाटायची, हे त्याचे काम. "आई, हितं बी आपल्यावानी ज्वारीच खात्यात," असे तो फोनवर म्हणाला, तेव्हा बाईंना केवढा धीर आला होता!

२. पावसाळ्याच्या तोंडावर छावणीवर हल्ला झाला. माणसे वाट फुटेल तिकडे पळाली. करणचा फोन तेव्हापासून बंद. संस्था म्हणते, तो मेलेल्यांत सापडला नाही आणि नव्या छावणीच्या मोजणीतही नाही.

३. आपल्या कक्षाचा माणूस चौकशीला आला. घरात माणसे किती, असे त्याने विचारले. बाई म्हणाल्या, "चार." नवरा, सून रुपाली, स्वतः आणि करण. साहेब, आमच्याकडे गावाला गेलेले माणूस घरातून वजा करत नाहीत. त्याने चार लिहिले, अंगठा घेतला आणि करण कागदोपत्री घरी आला. इतका सहज तो खरंच आला असता तर आणखी काय हवे होते!

४. बाईंनी हेलपाटे घातले. शेवटी त्यांना सांगण्यात आले, मुलाला ओळखपत्रासह समक्ष हजर करा, म्हणजे तो बेपत्ता असल्याची खात्री करता येईल. यावर काय लिहावे, हे आयुष्यभर निबंध तपासूनही मला सुचत नाही.

५. दुसरा मार्ग एवढाच, की करण घरात नाही असा जबाब बाईंनी द्यावा. त्या रोज माझ्या ओट्यावर येऊन बसत आणि ते वाक्य आले की उठून जात. "माज्या तोंडानं पोराला घराभाईर काढू व्हय, मास्तर?" करण सांगायचा, छावणीतल्या बायाही हरवलेली लेकरे धरूनच आकडा सांगतात. तो वाद न घालता तेवढी ज्वारी मापून देई आणि वरच्यांची बोलणी खाई. त्या बायांना करण होता. बाईंना इथे तसा कोणीच नाही.

६. आज सकाळी मात्र बाई रुपालीचा हात धरून आल्या आणि "लिवा" म्हणाल्या. खालील जबाब त्यांच्याच शब्दांत :

"माज्या घरात तीन मानसं हायेत. करण घरात न्हाई. आता तरी त्याला हुडका."

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
सौ. बनुबाई गहिनीनाथ निमसे
(डाव्या हाताचा अंगठा)

सोबत : करणचा फोटो, एक.

टीप : बाईंनी अंगठा मागे ओढल्याने पहिला ठसा फिसकटला, म्हणून शेजारी दुसरा घेतला आहे. दोन्ही बाईंचेच आहेत.