पंधरावा मजला आणि दादाचे तळवे

प्रिय ताई,

जयभीम. तीन आठवडे झाले, रोज ठरवतोय आज लिहू, आणि रोज कुठेतरी भटकतोय. काल कागद आणायला म्हणून निघालो आणि माटुंग्याला इडली खाऊन परत आलो. कागद राहिलाच. फोन का नाही केला, विचारशील. फोनवर तू मध्येच रडतेस आणि मी हो म्हणून टाकतो.

नव्या घराच्या चाव्या मिळाल्या ते तुला माहीत आहे. पंधरावा मजला. कावळा वरून कसा दिसतो बघितलंयस कधी? पाठ चकाकते त्याची. असो. आपला संघर्षदादा लिफ्टमध्ये जाईना. पहिल्या दिवशी दार बंद होताना पीं वाजलं आणि त्याने एक कान दाबून दुसऱ्या हाताचं मनगट चावलं, रक्त निघेपर्यंत. अठ्ठावीस वर्षांचा बाप्या. वॉचमन म्हणाला, ह्याला बाहेरचं लागलंय. आई म्हणाली, बाहेरचं लागलं असेल तुझ्या खानदानाला, माझा पोरगा ऑटिस्टिक आहे! तेव्हापासून ती त्याच्यासोबत खाली बाकावर आणि मी एकटा वर. 'त्याला सोडून मी नाय येणार,' एवढंच. सामान अजून ट्रान्झिट कॅम्पच्या खोलीत, रात्री झोपायलाही तिथेच. दादाला ह्या घरात राहता येईल की नाही, हाच एक घोर.

मग हिंदमाताला पडद्याचं कापड बघायला निघालो, तर वाटेत विहारावर पाटी दिसली: दर रविवारी ध्यान, ऑटिस्टिक मुलामोठ्यांसाठी. पडदे राहिले. शिकवणाऱ्या प्रिती मॅडम. पहिल्या रविवारी म्हणाल्या, श्वासाकडे लक्ष द्या. दादाने ते इतकं मनावर घेतलं की दोन दिवस श्वासावर पहारा. घास तोंडात तसाच धरून मला म्हणतो, 'मी बघितलं नाय तर बंद पडेल.' मी तणतणत मॅडमकडे गेलो. त्या म्हणाल्या, चुकलं माझं, श्वास सगळ्यांना मानवत नाही. डोळे उघडे ठेवा, लक्ष पायाच्या तळव्यांवर न्या. लादी गार आहे का, भार कुठे पडतोय, बास.

ताई, गोकर्णपासून मनालीपर्यंत हॉटेलांत कपबश्या विसळत फिरलो मी, पण आपल्याला तळवे आहेत हे मला विहाराच्या लादीवर कळलं. दादाला विचारलं, तुझा डावा तळवा काय म्हणतो? 'काय नाय म्हणत. तोंड कुठाय त्याला? गार आहे.'

मग रोज सकाळी आम्ही दोघं अनवाणी लिफ्टसमोर. आधी नुसतं उभं राहायचं. मग दार उघडं ठेवून आत. मग एक मजला. पीं वाजलं की मनगट तोंडाकडे जायचं, मी म्हणायचो 'पाय', तो खाली बघायचा. एकदा आपणहून म्हणाला, 'भीती आहे. पाय पण आहेत.' त्या दिवशी चौथ्यापर्यंत गेलो. गुरुवारी अलार्म वाजला आणि परत शून्य, दोन तास जिन्यात बसून होतो. मॅडम म्हणतात, हे औषध नाही, सवय आहे. मोडेल, परत लागेल.

आता खरं सांगतो, पत्र कशाला. दादाला ठेवायला तू पाठवलेला कर्जतच्या वसतिगृहाचा फॉर्म माझ्या पिशवीत आहे. आईला न कळवता सही कर म्हणालीस. तुझ्या मनात वाईट नाही गं. तिथे लिफ्ट नाही, झाडं आहेत. आणि तुला वाटलं, प्रफुल्लचं काय, आज इथे, उद्या कुठे. बरोबरच वाटलं. पण मी सही करत नाही. मनालीच्या मालकालाही कळवलंय, यंदा येत नाही. पंधराव्यापर्यंत यायला दादाला वर्ष लागलं तरी मी खाली त्याच्या बाजूला उभा राहीन. एवढंच लिहायला इतके दिवस... थांब, बेल वाजली. सुतार असेल.

सुतार नाही, ताई! आई आहे! लिफ्टने आलीय, चपला काखेत मारून. जन्मात पहिल्यांदा लिफ्टमध्ये चढली म्हणते, आणि अजून डोळे गच्च मिटून भिंत धरून उभी आहे. मागून दादा ओरडतोय तिच्यावर, मिटायचे नसतात, मिटायचे नसतात, उघड, घर आलं! दोघंच आलेत गं. बरोबर कोणी नाही.

तुझाच,
पडदे विसरलेला
प्रफुल्ल