आभा नावाचा पट्टा

२४ मे
आलो एकदाचे रायगडातल्या विचुंब्याला! नवं घर, नवी नोकरी, गॅलरीतून मोकळं आभाळ. हवामानवाल्याला आणखी काय हवं, असं वसुंधरा म्हणते. बायकोचं ऑफिस मुंबईत, माझं घरातच: एका खासगी कंपनीसाठी अरबी समुद्रावरचे कमी दाबाचे पट्टे नकाशावर टिपत बसायचं. आमच्या पाच वर्षांच्या आभाने पंखे लागायच्या आत भिंतींवर खडू चालवला. घरमालक काशीराम पाटील, पिढीजात मिठागरवाले, आंबे घेऊन आले. माणूस आवडला.

२७ मे
लक्षद्वीपच्या वर एक पट्टा तयार होतोय. वादळ झाल्याशिवाय अधिकृत नाव मिळत नाही, म्हणून मीटिंगमध्ये मी गमतीने त्याला ‘आभा’ म्हणालो. तोही एका जागी ठरत नाही ना! सगळ्यांनी उचलून धरलं. आभा तर हवेतच. “मी येतेय, मी येतेय” करत घरभर गरागरा फिरली.

३० मे
वादळ झालं. खरं नावही मिळालं, पण आमच्याकडे आभाच. चाललंय ओमानकडे. इथे घामाच्या धारा, पान हलत नाही. संध्याकाळी गॅलरीतून आभाला जेवायला हाक मारली, तर वाऱ्याचा झोत थेट तोंडावर आला. खारट. खाली खेळणाऱ्या पोरांना जाणवलाही नाही. त्यानंतरच्या नकाशात वादळ पूर्वेला वळलेलं. ऑफिसातली नीता म्हणाली, असं होतं कधीकधी. होतं, मलाही माहीत आहे.

३१ मे
चैन पडेना. सकाळी मुद्दाम पुन्हा हाक मारली. झोत आला. नकाशात आणखी वळण, रायगडच्या किनाऱ्याकडे.

काशीरामांना हसत हसत सांगितलं. ते हसले नाहीत. “पोरीचा नाव वाऱ्याला दिलास? मिठागरावर वारा सुटला का आमी पोरांना नावानी नाय बोलवत, टाल्या वाजवतो. आता हाक मारशील तवा तोच येल. आनि पोर तुजी ऱ्हानार नाय.”

१ जून
ऑफिसला म्हटलं, नाव बदला. हसले. वसुंधराला म्हटलं, घरात टाळ्या वाजवायच्या. तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला आणि कामाला गेली.

लेकीला मी ‘बाळा’ म्हणतो. ती वळत नाही. खिडकीकडे बघत बसते. मला भीती वाटते आहे.

२ जून, दुपार
रेड अलर्ट. वीज गेली, रेंज नाही. वसुंधरा अजून वाटेत. बाळ माझ्या मांडीवर, हात गार पडलेत. केस उडतायत तिचे — खिडक्या तर सगळ्या बंद —

कुणी नाव घेतलं नाही तर बाजूने जाईल. जाईलच —

वारा थांबला. एकदम.

खाली रिक्षा. वसुंधरा! आली. वर बघतेय. हाताने खुणा केल्या, नको, नको. तिला वाटतंय मी बोलावतोय. घाबरली. लेक दिसत नाहीये तिला — ओरडून सांगावं तर खिडकीची कडी निघत नाही —

दोन्ही हात तोंडाशी नेले तिने —

“आ